हिवाळ्यात बाहेर पडताना हलकी आणि ऊबदार टोपी कशी निवडावी : बेळगाव-खानापूरच्या थंडीसाठी सविस्तर मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दिवाळी सरली की शहरातल्या गणपत गल्लीपासून गावच्या आठवडी बाजारापर्यंत सगळीकडे कानटोप्या, मफलर आणि स्वेटर टांगलेले दिसू लागतात. गिऱ्हाईक टोपी हातात घेते, दोन बोटांत धरून तिची जाडी पाहते आणि जितकी जाड तितकी ऊबदार असे मानून पैसे मोजते. घरात बसायचे असेल किंवा संध्याकाळी कट्ट्यावर गप्पा मारायच्या असतील, तर ही पद्धत चालून जाते. परंतु पहाटे झपझप चालायला जाणे, धावणे, सायकल चालवणे, राजहंसगड चढणे, जांबोटी-कणकुंबीच्या रानात भटकणे किंवा रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजणे, यांपैकी कोणतेही काम असेल तर जाडी ही सर्वांत शेवटी पाहायची गोष्ट आहे. टोपी वारा किती अडवते, घाम किती लवकर बाहेर सोडते, कान पूर्ण झाकते की नाही आणि काढल्यावर खिशात मावते की नाही, हे चार प्रश्न आधी विचारले पाहिजेत. या लेखात तोच क्रम धरला आहे.

एक जुना गैरसमज

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून निघून जाते, असे आपल्याकडे अनेक जण ठामपणे सांगतात. १९७० सालच्या अमेरिकी सैन्याच्या एका पुस्तिकेत ४० ते ४५ टक्के असा आकडा छापला गेला होता आणि तिथून तो जगभर पसरला. प्रत्यक्षात प्रौढ माणसाच्या त्वचेच्या एकूण क्षेत्रफळापैकी डोक्याचा वाटा साधारण ७ ते १० टक्के असतो आणि तिथून जाणारी उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात असते. मग टोपीला एवढे महत्त्व कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, थंडी वाजू लागली की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तिथला उष्णतेचा व्यय कमी होतो, पण टाळूच्या त्वचेत हे आकुंचन फारसे होत नाही. बाकीचे अंग कपड्यांत असताना डोके उघडे राहिले, तर गळती तिथूनच होत राहते. शिवाय चेहरा, कपाळ आणि कान यांना गारवा फार लवकर जाणवतो, कारण कानाच्या पाळीत चरबीचा थर जवळजवळ नसतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना वारा लागतो. म्हणून टोपी आवश्यक आहे. मात्र पातळ बनियनवर जाड टोपी घातली की थंडी भागते, हे खरे नाही. अंगावर पुरेसे कपडे असतील तरच टोपीचा पूर्ण उपयोग होतो.

पहिली पायरी : आपली थंडी कोणत्या जातीची आहे ते ओळखणे

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान बहुधा १२ ते १६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते आणि कडाका पडला की ते १० च्याही खाली उतरते. मात्र त्याच दिवशी दुपारी पारा ३० च्या आसपास जातो. टोपी निवडताना हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहाटे साडेपाचला जी टोपी हवीहवीशी वाटते, तीच साडेआठला डोक्यावर नकोशी होते. आपल्याकडची थंडी उत्तर भारतासारखी दिवसभर मुक्काम ठोकत नाही, ती काही तासांची असते. त्यामुळे सहज काढता येणारी आणि काढल्यावर ओझे न होणारी टोपी आपल्या कामाची आहे.

शहर आणि गाव, माथा आणि सखल रान यांतही भेद आहे. निरभ्र, शांत रात्री जमीन लवकर थंड होते आणि तिच्यालगतची गार हवा जड असल्यामुळे उतारावरून खाली सरकत ओढ्यानाल्यांच्या काठी, भाताच्या खाचरांत आणि नदीच्या खोऱ्यात साचते. मलप्रभा किंवा मार्कंडेय नदीच्या काठच्या शेतात पहाटे जो गारठा असतो, तो कित्येकदा शेजारच्या टेकडीच्या माथ्यावर नसतो. माथ्यावर वारा मात्र बोचरा असतो. तेव्हा नदीकाठच्या शेतात राखणीला किंवा पाणी पाजायला जाणाऱ्याला स्थिर गारठ्यासाठी टोपी हवी, तर गडावर जाणाऱ्याला वारा अडवणारी टोपी हवी. खानापूरच्या पश्चिमेकडे, जंगलाच्या बाजूला, धुके आणि दव यांची भर पडते आणि तिथे पाणी धरून न ठेवणारे कापड उपयोगी ठरते.

वाऱ्याचा परिणाम आकड्यांत पाहिलेला बरा. हवामानशास्त्रात थंडी आणि वारा मिळून उघड्या त्वचेला किती गार वाटते, हे काढण्याचे एक मान्य सूत्र आहे. त्यानुसार तापमान १० अंश असताना ताशी २० किलोमीटर वारा असेल तर त्वचेला साधारण ७ अंश असल्यासारखे वाटते. हा वेग सायकलस्वाराला वारा पडलेला असतानाही स्वतःच्या गतीमुळे मिळतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने दुचाकी चालवणाऱ्याच्या उघड्या त्वचेला तेच १० अंश सुमारे ५ अंशांसारखे लागतात. म्हणजे एकाच गावात, एकाच पहाटे, चालणारा, सायकलवाला आणि मोटारसायकलवाला हे तिघे वेगवेगळ्या थंडीत असतात. घरातल्या सगळ्यांसाठी एकाच प्रकारच्या चार टोप्या आणण्याची आपली सवय म्हणूनच फारशी उपयोगाची नाही.

दुसरी पायरी : किती घाम येणार याचा अंदाज घेणे

थंडीत घामाचा विचार बहुतेक जण करत नाहीत, आणि टोपी वाया जाण्याचे मुख्य कारण तेच आहे. स्थिर हवा ही उष्णतेला रोखणारी उत्तम वस्तू आहे. लोकर असो वा कृत्रिम धागा, कापड ऊब देते ते स्वतःच्या रंध्रांत अशी हवा धरून ठेवते म्हणून. त्या रंध्रांत घामाचे पाणी शिरले की चित्र पालटते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पहाटे झपाझप चालणाऱ्या एखाद्या गृहस्थांची सुती मफलर पाहा. तासाभराने ते बाकावर बसतात, मफलर सोडतात, तेव्हा कपाळावरून आणि मानेच्या मागून गेलेला तिचा पट्टा गडद, ओला झालेला असतो. चालताना अंगातली ऊब त्या ओलाव्याला झाकून टाकते. पण थांबल्यावर तोच पट्टा कपाळाला बर्फाच्या पाण्यासारखा लागतो आणि हुडहुडी भरते. लोक म्हणतात, थंडी बाधली. खरे तर ओले कापड बाधलेले असते.

म्हणून स्वतःच्या हालचालीची प्रामाणिकपणे वर्गवारी करावी. धावणे, गड चढणे, चढावर सायकल मारणे ही भरपूर घामाची कामे आहेत. त्यांना पातळ, घाम बाहेर सोडणारी टोपी किंवा नुसती कानपट्टी, म्हणजे कपाळ आणि कान झाकणारा पट्टा, पुरते. सकाळचे चालणे, पक्षी पाहत रानातून हिंडणे, शाळेच्या मैदानावर मुलांचा सराव घेणे ही मध्यम कामे. शेतात मोटरीजवळ थांबणे, खळ्यावर किंवा गुऱ्हाळावर रात्र काढणे, मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर उघड्यावर मुक्काम करणे, ही बसून राहण्याची कामे. अंगात उष्णता तयार होत नसल्यामुळे इथे मात्र जाड टोपी योग्य आहे आणि तिथे हलकेपणाचा फार आग्रह धरू नये.

तिसरी पायरी : कापड ओळखणे

बाजारात ‘वुलन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य टोप्या ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याच्या असतात. लुधियानाहून येणारा विणमाल असो की थंडीत गावोगावी दुकान थाटणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडचा माल असो, लेबल वाचल्याखेरीज धागा कोणता हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. ॲक्रिलिक वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ते स्वस्त आहे, वजनाला हलके आहे, घरी धुता येते आणि त्याला कसर लागत नाही. मात्र त्याला लवकर गोळे येतात, वीण सैल असेल तर वारा आरपार जातो आणि घाम आल्यावर ते चिकट वाटते. बसून राहण्याच्या कामासाठी, आत फ्लीसचे अस्तर लावलेली ॲक्रिलिकची टोपी अगदी पुरेशी आहे.

फ्लीस हे पॉलिएस्टरचे, दोन्ही बाजूंनी लव काढलेले कापड आहे. १९८० च्या सुमारास ते अमेरिकेत तयार झाले आणि आज डोंगरात जाणाऱ्यांच्या पाठपिशवीत ते हमखास असते. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा शोषते, त्यामुळे फ्लीसची टोपी दवात भिजली तरी पिळून, झटकून पुन्हा घालता येते आणि ती लवकर वाळते. तिचा दोष एकच, पण मोठा आहे : साधे फ्लीस वारा अडवत नाही. आपल्या भागात चालण्यासाठी आणि गड चढण्यासाठी पातळ फ्लीस हा मला सर्वांत व्यवहारी पर्याय वाटतो. कापडाची घनता सांगितली असेल तर दर चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या आसपासचे फ्लीस घ्यावे. २०० चे फ्लीस आपल्याकडे बसून राहण्याच्या कामाला किंवा हिमालयात उपयोगी पडते.

लोकरीचा मुद्दा जरा सविस्तर पाहिला पाहिजे, कारण आपल्या सीमाभागाला लोकरीची जुनी ओळख आहे. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीचे घोंगडे आणि त्याची डोक्यावरून घेतलेली खोळ यांनी पिढ्यान्‌पिढ्या थंडी, पाऊस आणि वारा अडवला आहे. उघड्यावर रात्र काढणाऱ्या माणसासाठी आजही त्याला तोड नाही. पण ती लोकर जाड धाग्याची असते. लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. सुमारे ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू त्वचेला टोचतात. मेरिनो मेंढीच्या चांगल्या लोकरीचे तंतू २० मायक्रॉनच्या आत असतात, म्हणून ती कपाळाला टोचत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि तिला घामाचा वास लवकर धरत नाही. सलग काही दिवसांच्या भटकंतीत, जिथे रोज धुणे शक्य नसते, तिथे हा गुण फार मोलाचा ठरतो. मेरिनोची चांगली टोपी किंवा गळपट्टी बहुधा हजार रुपयांच्या पुढेच मिळते. रोज तासभर चालायला जाणाऱ्याने एवढा खर्च करण्याची गरज नाही. दरवर्षी मोठ्या मोहिमेला जाणाऱ्याने तो करावा.

सुती कापडाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सुती मफलर, सुती रुमाल आणि टी-शर्टच्या कापडाच्या टोप्या कोरड्या असेपर्यंत सुखद असतात, पण घामाच्या कामाला त्या घेऊ नयेत. बसून राहायचे असेल आणि हवा कोरडी असेल तर सुती मफलर खुशाल वापरावी.

कापड पारखण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली दुकानातच करता येते : टोपीचे कापड ओठांना घट्ट लावून जोराने फुंकर मारावी आणि दुसऱ्या बाजूला तळहात धरावा. फुंकर तळहाताला सरळ लागली तर सायकलवर आणि गडाच्या माथ्यावर वाराही तसाच आत येईल. फुंकर जवळजवळ अडली तर टोपी वारा रोखील, पण धावताना घामही अडवील. हलकीशी, मंद झुळूक जाणवली तर ते कापड बहुतेक कामांना चालते. दुसरी परीक्षा टोपी घरी आणल्यावर, शिवणीच्या आतला एखादा सुटा धागा काढून, चिमट्यात धरून करावी. लोकरीचा धागा जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला नेली की तो बहुधा विझतो आणि मागे राहिलेली काळी राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर वितळतात आणि थंड झाल्यावर टोकाला टणक मणी उरतो. हा मणी पाहिला की आणखी एक गोष्ट ध्यानात यावी : शेकोटीशेजारी बसताना कृत्रिम धाग्याची टोपी घालून आगीवर वाकू नये. ठिणगीने तिला भोक पडते आणि वितळलेला धागा त्वचेला चिकटून भाजतो. शेकोटीजवळ लोकरच सुरक्षित.

शंभर टक्के नव्या शुद्ध लोकरीवर लोकरीच्या गुंडीसारखे ‘वूलमार्क’ चिन्ह असते. ते नसेल तर लेबलावरची टक्केवारी वाचावी. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या ‘पश्मिना’च्या मागे लागू नये.

चौथी पायरी : आकार ठरवणे

साधी गोल टोपी खाली ओढली तर कानांचा वरचा भाग झाकते, पण पाळ्या उघड्या ठेवते आणि चालता चालता वर सरकते. कानांवर पाकळ्या असलेली टोपी हा दोष दूर करते. तिची बंदाची टोके लांब असतील तर सायकल चालवताना ती गालावर आपटतात, म्हणून बंद आखूड करून घ्यावेत किंवा आत शिवून टाकावेत. माकडटोपीची आपल्याकडे थट्टा होते, पण स्थिर गारठ्यात, विशेषतः वयस्कर माणसांसाठी आणि रात्री शेतावर जाणाऱ्यांसाठी, तिच्याइतके पूर्ण संरक्षण दुसरी कोणतीही टोपी देत नाही. तिची पातळ, ताणली जाणारी आवृत्ती, जिला बालाक्लावा म्हणतात, दुचाकीवर उत्तम चालते.

नळीसारखी शिवलेली गळपट्टी, जिला दुकानात बफ म्हणतात, ती मला सर्वांत उपयोगी वाटते. तीच गळ्याभोवती राहते, तीच वर ओढून नाक झाकता येते, तीच दुमडून कानपट्टी होते आणि गाठ मारली तर टोपीही होते. तिचे सुटे टोक चाकात किंवा साखळीत अडकण्याचा धोका नसतो. दुचाकीवर मागे बसलेल्या स्त्रियांच्या ओढण्या आणि लांब मफलरी चाकात अडकून अपघात होतात, हे आपल्याला ठाऊक असूनही थंडीत त्या बांधल्या जातात. लहान मुलांच्या बाबतीत तर लांब मफलर आणि गळ्याखाली घट्ट गाठ मारायचे बंद टाळावेतच; झोपाळ्यावर, घसरगुंडीवर किंवा सायकलवर ते कशात तरी अडकतात.

दम्याचा त्रास असणाऱ्यांनी बफ अवश्य जवळ ठेवावी. थंड, कोरडी हवा एकदम आत गेली की अनेकांच्या श्वासनलिका आकसतात. नाकातोंडावर एक पातळ थर असला तर आत जाणारी हवा थोडी कोमट आणि दमट होऊन जाते. ही बफ रोज धुवावी, आणि वैद्याने दिलेले औषध बंद करून नुसत्या कापडावर भिस्त ठेवू नये.

अंबाडा किंवा जाड वेणी असणाऱ्यांना गोल टोपी नीट बसत नाही. अंबाड्यामुळे ती मागून उचलली जाते आणि मान उघडी पडते. त्यांनी मागे फट ठेवलेली टोपी किंवा रुंद कानपट्टी आणि बफ अशी जोडी घ्यावी. डोक्यावर केस कमी असणाऱ्यांनी उलट, टाळूवर दुहेरी कापड असलेली टोपी निवडावी.

पाचवी पायरी : दुकानात घालून पाहणे

कापडी टेप भुवयांच्या वर आणि कानांच्या जरा वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवून घेर मोजावा. बहुतेक प्रौढांचा घेर ५४ ते ६० सेंटिमीटरच्या दरम्यान येतो. टोपी घातल्यावर मान डावी-उजवीकडे वळवावी, खाली वाकून बुटाची नाडी बांधण्याची हालचाल करावी आणि दहा-बारा वेळा जागेवर उड्या माराव्यात. टोपी डोळ्यांवर आली किंवा कानांवरून सरकली तर ती सोडून द्यावी. कपाळाला करकचून बसणारी टोपीही घेऊ नये, कारण अर्ध्या तासात डोके दुखू लागते आणि दाबल्या गेलेल्या कापडातली हवा कमी झाल्याने ऊबही घटते. टोपी काढल्यावर कपाळावर लाल वळ उठला असेल तर ती घट्ट आहे, असे समजावे. आतली शिवण नेमकी कपाळाच्या मध्यावर किंवा कानामागे येत नाही ना, हेही बोट फिरवून पाहावे. जाड शिवण चष्म्याच्या दांडीवर दाबली की तासाभरात नकोसे होते.

नंतर टोपीची घडी घालून ती पँटच्या खिशात ठेवून पाहावी. खिशात मावत नसेल तर ऊन चढल्यावर ती हातात घेऊन फिरावे लागते, आणि हातातली टोपी हमखास कुठेतरी विसरते. पातळ फ्लीसच्या टोपीचे किंवा बफचे वजन साधारण ३० ते ६० ग्रॅम असते. हाताने विणलेली जाड टोपी याच्या दुप्पट सहज भरते. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर मोजून पाहायला हरकत नाही, पण चार-दोन ग्रॅमसाठी कान उघडे ठेवणारी टोपी निवडू नये.

रंगाकडे दुर्लक्ष करू नये. आपल्याकडे हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात ऊस भरलेले ट्रॅक्टर चिकोडी, निपाणी, खानापूरच्या रस्त्यांवरून कारखान्यांकडे जात असतात आणि अनेक ट्रॉल्यांना मागचे दिवे नसतात. त्या रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याच्या डोक्यावर काळी किंवा गडद निळी टोपी असली तर चालकाला तो दिसतच नाही. पिवळी, केशरी किंवा पोपटी टोपी घ्यावी, आणि तिच्यावर मागच्या बाजूला उजेड परावर्तित करणारी पट्टी शिवून घ्यावी. गावातला कोणताही शिंपी हे काम काही मिनिटांत करून देतो.

ऐकू येणे हाही सुरक्षेचाच भाग आहे. टोपी घालून दुकानदाराशी नेहमीच्या आवाजात बोलून पाहावे. भीमगड अभयारण्याच्या आसपास किंवा जांबोटीच्या रानवाटांवर गवा आणि अस्वल यांची चाहूल कानांनीच लागते. तिथे कानांवर जाड, दुहेरी थर नको. एकेरी फ्लीस किंवा लोकर पुरे, आणि टोपीखाली इअरफोन तर मुळीच नकोत.

हेल्मेटखाली काय घालावे

जाड कानटोपीवर हेल्मेट चढवणे ही आपल्या रस्त्यांवर रोज दिसणारी चूक आहे. हेल्मेट डोक्याला सर्व बाजूंनी सारखे बसले तरच ते आघात पेलते. आत जाड टोपी असली की ते सैल किंवा तिरके बसते, अपघातात डोक्यावर सरकते आणि पट्टाही हनुवटीखाली नीट आवळला जात नाही. हेल्मेटखाली फक्त पातळ, एकेरी, सपाट शिवणीची बालाक्लावा किंवा बफ असावी. गोंडा, पाकळी, गाठ किंवा केसांचा चिमटा काहीही नको. ती घालून हेल्मेटचा पट्टा लावावा, हेल्मेट दोन्ही हातांनी धरून हलवावे आणि कपाळाची त्वचा त्याच्यासोबत हलते का ते पाहावे. हेल्मेट नुसतेच फिरत असेल तर आतली टोपी बदलावी. काच असलेले पूर्ण हेल्मेट स्वतःच वारा अडवते, त्यामुळे खरी गरज गळ्याची असते आणि ती बफ भागवते. सायकलच्या हेल्मेटला हवेसाठी झरोके असतात, म्हणून तिथे कपाळावर आणि कानांवर वारा अडवणारी पट्टी असलेली पातळ टोपी उपयोगी पडते.

सहावी पायरी : एका जाड टोपीऐवजी दोन पातळ थर

वरच्या सगळ्या विचारातून बेळगाव परिसरातल्या बहुतेकांसाठी एकच जोडी पुढे येते : कान झाकणारी पातळ फ्लीसची टोपी आणि एक बफ. यांच्या जोडीला जॅकेटला हूड असेल तर वाऱ्याचीही सोय होते. सुरुवातीला तिन्ही घालावे. अंग तापू लागले, कपाळावर घामाचा पहिला ओलावा जाणवला की हूड काढावे, मग टोपी काढून बफची कानपट्टी करावी, आणि थांबण्याच्या ठिकाणी पोहोचण्याआधी काही मिनिटे पुन्हा टोपी घालावी. घाम फुटेपर्यंत वाट पाहणे आणि हुडहुडी भरेपर्यंत टोपी न घालणे, दोन्ही टाळावे. गड चढताना टोपी खिशात आणि माथ्यावर टोपी डोक्यावर, हा क्रम नव्या माणसाला उलटा वाटतो, पण तोच बरोबर आहे.

हिवाळ्यात आपल्याकडची अनेक तरुण मंडळी उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या मोहिमांना जातात. तिथला माथा सुमारे ३८०० मीटर उंच आहे. हवेचे तापमान दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे बेळगावच्या तुलनेत केवळ उंचीमुळेच सुमारे २० अंशांचा फरक पडतो. उत्तरेकडची थंडी वेगळीच. उणे ५ अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असला तर उघड्या त्वचेला उणे १३ सारखे वाटते. अशा ठिकाणी राजहंसगडाची टोपी एकटी पुरणार नाही. पातळ मेरिनो किंवा फ्लीसची बालाक्लावा आत, जाड फ्लीसची टोपी तिच्यावर, आणि जॅकेटचे वारा अडवणारे हूड सर्वांवर, असे थर हवेत. श्वासाच्या बाष्पाने नाकावरचे कापड ओले होऊन गोठते, म्हणून बदलायला दुसरी कोरडी बफ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. श्वास बफमधून वर जाऊन गॉगल धुरकट करत असेल तर नाकावरची कड थोडी खाली घ्यावी. एक कोरडी टोपी फक्त झोपण्यासाठी राखून ठेवावी आणि दिवसा कितीही मोह झाला तरी ती बाहेर काढू नये.

ही सगळी तयारी आधी घरच्या थंडीत वापरून पाहावी. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे किल्ला तलावाच्या काठाने किंवा गावाच्या माळावर तासभर चालून, मग पंधरा मिनिटे एका जागी बसून राहावे. त्या पंधरा मिनिटांत टोपीचे सगळे गुणदोष कळतात.

सातवी पायरी : धुणे आणि ठेवणे

टोपीचा मोठा शत्रू आपल्या डोक्यावरच असतो. आपल्याकडे केसांना खोबरेल तेल लावण्याची पद्धत आहे, आणि हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. ते टोपीच्या आतल्या लवेत बसले की लव चिकटून सपाट होते, हवा धरण्याची जागा जाते आणि घाम कापडात पसरत नाही. वापरलेली फ्लीसची टोपी उलटी करून उजेडात धरली तर कपाळाच्या पट्ट्यावर हा चमकदार, मेणासारखा थर स्पष्ट दिसतो. फिरायला जायच्या आधी तेल लावू नये, आणि लावायचेच असेल तर टोपीखाली पातळ बफ घालावी. ओल्या केसांवरही टोपी घालू नये.

फ्लीस आणि ॲक्रिलिक कोमट पाण्यात, साध्या पावडरीने, उलट करून धुवावे. कापड मऊ करणारे द्रव त्यात घालू नयेत, कारण त्यांचा थर धाग्यावर बसून कापडाची घाम पसरवण्याची क्षमता कमी होते. इस्त्री करू नये. लोकर गार पाण्यात, सौम्य साबणाने, न चोळता दाबून धुवावी. गरम पाणी आणि घासणे यांनी तंतू एकमेकांत अडकतात आणि टोपी आटते, आणि आटलेली टोपी पुन्हा मोठी होत नाही. ती टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढावे आणि सावलीत सपाट पसरून वाळवावी. दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने ती लांबते.

होळीच्या आसपास टोप्या आत ठेवायची वेळ येते. कसर मळलेल्या लोकरीला आधी लागते, म्हणून न धुता ठेवू नये. पूर्ण वाळवून, एकदा उन्हात उलटसुलट करून, बंद डब्यात वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावे. डांबराच्या गोळ्या वापरल्या तर त्या कापडाला थेट लागू देऊ नयेत आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. आपल्याकडचा पावसाळा लांबतो, विशेषतः खानापूरकडे, तेव्हा श्रावणात उघडीप पाहून डबा एकदा उघडावा, टोप्यांना वारा द्यावा आणि बुरशीचा वास येतो का ते पाहावे. त्याच वेळी प्रत्येक टोपीची कड ताणून सोडावी. ती परत जागेवर येत नसेल तर आत नवे इलॅस्टिक घालून घ्यावे, म्हणजे दिवाळीनंतर दुकानात जायची गरज पडणार नाही.